डावीकडची सीट

ज्वारीची कणसं खुडून झाली, कडब्याच्या पेंढ्या बांधून उभ्या राहिल्या आणि रानात नुसती धसकटं उरली, की आमच्या झरी गावच्या चहाच्या टपरीवर पहिला फलक लागतो. चिखलातून वर येणारं एक अजस्र चाक, हात जोडलेल्या आयोजकांचे फोटो आणि खाली ठळक अक्षरांत ‘मोठ्या चाकांच्या गाड्यांची जंगी स्पर्धा’. शाळेतून परत येताना मी तो फलक वाचत नाही. वाचायची गरजच पडत नाही. वाळलेल्या करडईचा कोरडा वास नाकात शिरला, की माझ्या पोटात आपोआप काहीतरी पेटतं. या दिवसांत बाकीच्या बायका पापड-कुरडयांचे बेत करतात. मी जळते.

कुणावर, ते आधीच सांगून टाकते. एका गाडीवर.

माझा नवरा गौतम. लिहिताना गौतम लिहिते. घरात ‘अहो’ म्हणते आणि फारच राग आला तर काहीच म्हणत नाही. परभणी रस्त्याला, आमच्या घराला लागून, त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, वाड्या-वस्त्यांची फाटकं, असलं सगळं तो करतो. काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत त्याने भंगारातून एका जुन्या जीपचा सांगाडा आणला आणि दुकानामागच्या कडुलिंबाखाली ठेवला. मला वाटलं, कापून विकेल. त्याने मात्र तिला ट्रकचे स्प्रिंगचे पाटे बसवले, चारही बाजूंना ट्रॅक्टरची मागची मोठी चाकं लावली आणि टँकरचा पत्रा कापून, ठोकून, वाकवून तिला नवं अंग करून दिलं. उभी राहिली तेव्हा तिचं दार माझ्या डोक्याच्या वर होतं. टँकरचा उरलेला निळा रंग तिला दिला, तेव्हा माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणते मी त्यांना, काठी टेकत मुद्दाम बघायला आल्या.

“निळाच हाणला का?” त्या म्हणाल्या. “बरं केलं. आपला हाय.”

लोकांनी तिचं नाव हत्तीण ठेवलं. गौतम कधी नाव घ्यायचा नाही. तो ‘ती’ म्हणायचा. ‘ती आज थंड हाय.’ ‘तिला जरा दम खाऊ दे.’ घरात दोन बायका असताना हा माणूस ‘ती’ म्हणायचा आणि आम्हा दोघींनाही कळायचं की आपल्याबद्दल बोलणं चाललेलं नाही.

त्या दिवसांचा वास अजून माझ्या घराला आहे. जळालेल्या रंगाचा, डिझेलचा, वेल्डिंगच्या कांडीच्या धुराचा. भाकरीला ग्रीस लागायचं. मी त्याच्या बोटांवरून भाकरी ओढून घ्यायचे आणि दुसरी द्यायचे, तीही तशीच काळी व्हायची. माझी एक अबोली रंगाची सुती साडी होती, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. एके दिवशी ती दोरीवर दिसेना. दुकानात गेले तर गौतम तिच्या तुकड्याने हत्तिणीचं नाक पुसत होता. हलक्या हाताने, वरून खाली, पुन्हा वरून खाली.

“अहो, ती माझी साडी हाय.”

“जुनी होती की,” तो म्हणाला. “खरबरीत फडक्यानं ओरखडे पडायलेत तिला.”

तिच्या चाकात हवा किती हवी, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. माझ्या चपलेचा नंबर त्याला आजही माहीत नाही. मी हे आत्याबाईंना बोलून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “तुझी चप्पल पंक्चर हुती का?” त्यांच्या लेकाची बाजू त्या अशी हसत हसत घ्यायच्या आणि मला हसावं लागायचं. हसून झालं की मी पुन्हा जळायचे.

एका दुपारी जेवता जेवता तो घास हातात धरून थांबला. बाहेर हत्तीण चालू ठेवली होती. मला तर नुसती घरघर ऐकू येत होती.

“आवाज बदललाय तिचा,” तो म्हणाला. “कुठंतरी बेरिंग कोरडं पडायलंय.”

ताट तसंच टाकून गेला. मी त्या महिन्यात खडूच्या धुळीने सारखी खोकत होते. माझा आवाज इतका बसला होता की वर्गातली मुलं पुढच्या बाकांवर येऊन बसत होती. मी त्याच्या ताटावर झाकण ठेवलं आणि तिथेच बसून ती घरघर ऐकत राहिले. थोड्या वेळाने ती खरंच बदलली, नितळ झाली. ते मला जास्तच लागलं.

पण सीटबद्दल सांगायला हवं, कारण माझं सगळं जळणं शेवटी तिथे येऊन बसतं.

जीपला दोन सीटा होत्या, दोन्ही कुजलेल्या. उजवीकडची त्याने स्वतःसाठी केली. डावीकडची करताना माझ्याकडे आला आणि आमच्या मोडक्या सोफ्यातली तपकिरी रेक्झिनची गादी मागितली. तो सोफा मी पहिल्या पगारात घेतलेला. मी नको म्हणणार होते, तेवढ्यात तो म्हणाला, “ही तुझी सीट. पहिली चक्कर तुझी.”

आता हे वाक्य काही फार मोठं नाही. पण लग्नाला बरीच वर्षं झालेल्या बाईला विचारा. मी त्या संध्याकाळी गादी साबणाने धुतली, उन्हात वाळवली आणि उसवलेली शिवण स्वतः घातली. शाळेत मुलांची शुद्धलेखनं तपासताना मला सारखं दिसत होतं: धसकटांच्या रानातून मी उंचावरून चालले आहे, खाली कडब्याच्या गंजी, आणि शेजारी हा.

चक्कर झालीच नाही. गाडी पहिल्यांदा चालवली तेव्हा कळलं की ती उजवीकडे झुकते. डिझेलची टाकी उजवीकडे, बॅटरी उजवीकडे, गौतमही उजवीकडे. डावीकडे वजन हवं होतं. तो दुधनेच्या पात्रातली वाळू घेऊन आला, खताच्या रिकाम्या पोत्यांत भरली आणि डाव्या बाजूला रचली. पोती गादीवर नीट बसेनात, म्हणून गादी काढून कोपऱ्यात टाकली. खालच्या नुसत्या लोखंडी चौकटीवर वाळू बसली, माझ्या जागी.

“मी बसते की,” मी म्हणाले. “तेवढ्याच वजनाची हाय मी.”

दुकानातला कामगार मध्येच बोलला, “बाई बसली की गाडी हारती म्हणत्यात, वहिनी.”

आत्याबाई लिंबाखाली शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “कापूस येचायला ट्रॉलीभर बाया बसून जात्यात, तवा ट्रॅक्टर हारत न्हाई व्हय रे?”

कामगार पोती उचलायला लागला. गौतमचा असल्या गोष्टींवर विश्वास कधीच नव्हता. तो विचार करून, अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, “तसं न्हाई. वाळू हालत न्हाई. तू हालशील.”

नवऱ्याने दुसऱ्या बाईचं कौतुक केलं तर भांडता येतं. वाळूचं केलं तर काय करायचं?

पहिली स्पर्धा झरीच्याच शिवारात होती. रिकाम्या रानात खड्डा खणून टँकरने पाणी सोडलेलं, त्याच्यापुढे मातीचं टेकाड, आणि शेवटी झेंड्यांच्या मधून जाणारी अरुंद वाट. हत्तीण खड्ड्यात उतरली आणि काळ्या चिखलात रुतून बसली. साखळी लावून ट्रॅक्टरने ओढली तेव्हा लोक पोट धरून हसले. मी मनात म्हटलं, संपलं एकदाचं. गौतम डोळ्यांपासून खाली सगळा चिखलाचा झालेला, आणि हसत होता. घरी येऊन अंघोळ करायच्या आधी त्याने तिला धुतलं.

मग तिचं दैव फिरलं. पुढच्या हंगामात येलदरीकडच्या एका रानात ती खड्ड्यातून म्हणे अशी वर आली की खड्डा कुणी खणलाच नव्हता असं वाटावं. ढाल मिळाली. आमच्या शोकेसमध्ये माझी एक ढाल होती, कॉलेजातल्या वक्तृत्व स्पर्धेची. शाळेतून घरी परतल्यावर पाहिलं, तर माझी ढाल मागे सरकली होती आणि पुढे हत्तिणीची. नंतर आणखी आल्या. माझ्या ढालीवरची अक्षरं दिसेनाशी झाली. बायका पोराबाळांना घेऊन फोटो काढायला येऊ लागल्या. त्यांना चहा मी द्यायचा. माझ्या वर्गात ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध दिला, तर एका पोरीने हत्तिणीवर लिहिला आणि शेवटी लिहिलं, ‘तिला चार चाके असतात व ती आमच्या बाईंची आहे.’ मी त्या शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ ओढली. चूक कोणती, हे मात्र लिहिता आलं नाही.

प्रत्येक वेळी मी विचारायचे. चक्कर कधी? तो म्हणायचा, सीझन होऊ दे. सीझन झाला की तो तिचं इंजिन उतरवून ठेवायचा. हुरडा आला, गेला. गहू आला, गेला. आणि वाळू आपली डावीकडे बसून गावोगाव फिरत राहिली. येलदरीचं धरण तिने बघितलं. मी ते फक्त भूगोलाच्या तासाला शिकवते.

मग वालूरची स्पर्धा. तिकडच्या सगळ्या नावाजलेल्या गाड्या आलेल्या. त्या सीझनची शेवटची आणि मोठी. गौतमने आधी आठवडाभर हत्तिणीचं अंग घासलं. पत्र्याच्या कडा, जोडावरचे वेल्डिंगचे काटे, सगळं घासून असं गुळगुळीत केलं की हात फिरवला तर कुठे अडकू नये.

ती खड्ड्यातून पहिली वर आली. टेकाडाला लागली. मी बांधावर उभी होते आणि मला तिच्या पोटाखालून काहीतरी सांडताना दिसलं. तेल असेल असं वाटलं. टेकाडाच्या मध्यावर ती उजवीकडे कलली, डावीकडचं चाक हवेत उठलं. गौतमने तिला कशीबशी खाली बसवली, पण ती घसरत जाऊन झेंड्यांवर गेली. एक झेंडा मोडला. मागची गाडी शेजारून निघून गेली.

धूळ बसल्यावर सगळ्यांनाच दिसलं. काळ्याभोर मातीवर सुरुवातीपासून टेकाडापर्यंत फिकट वाळूची एक बारीक रेघ गेली होती. खताचं पोतं फाटलं होतं. डावीकडच्या सीटच्या चौकटीला, अगदी मध्ये, वेल्डिंगचा एक काटा राहिला होता. तिच्या अंगावरचे सगळे काटे त्याने घासून काढले, आणि माझ्या सीटखालचा एक राहिला.

मला आनंद झाला. हे मी लपवत नाही. आतून एकदम थंड वाटलं, उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. मग गौतम दिसला. वाकून तो त्या रेघेवरून उलटा चालत होता, टेकाडापासून सुरुवातीपर्यंत, मध्येच चिमूटभर वाळू उचलून बोटांत चोळत होता. ‘वाळू हालत न्हाई’ हे त्याचं वाक्य माझ्या जिभेवर आलेलं होतं. ते मी तसंच तोंडात धरून घरी आणलं. त्याला त्या वेळी बोलून काही उपयोग नव्हता, तो माणूस ऐकण्यापलीकडे गेलेला.

हरलेली ती त्याला बघवेना. लिंबाखाली उभी असायची, म्हणून तो पुढच्या रस्त्याने वळसा घालून दुकानात जायचा. थोड्याच दिवसांत वालूरचा मारोती आला. आडत दुकानवाला, मोठ्या आवाजाचा, दिलदार माणूस. त्याने ती घेतली. निघताना कोपऱ्यातली तपकिरी गादी दिसली, तर म्हणाला, “ही बी तिचीच का?” गौतम म्हणाला, “हां, न्या.” मी स्वयंपाकघरात होते. मला कळलं तेव्हा गाडी फाट्याच्या पुढे गेली होती.

त्या दिवशी मी शिरा केला. आत्याबाईंनी वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि विचारलं, “कशाचं गोड केलं गं?” मी म्हणाले, सहज. त्या लिंबाकडे बघत म्हणाल्या, “जागा लय मोकळी दिसायलीय.”

तेच तर झालं. ती होती तोवर निदान तिच्यावर जळता येत होतं. गेल्यावर गौतम सकाळचा चहा घेऊन लिंबाखाली बसायचा, रिकाम्या जागेकडे तोंड करून. जमिनीवर तेलाचे डाग होते, ते त्याने पुसू दिले नाहीत. मी समोर खुर्ची टाकून बसले तर तो किंचित बाजूला वाकून माझ्या पलीकडे बघायचा.

यंदा पुन्हा फलक लागला आणि स्पर्धा पुन्हा झरीलाच. गौतम म्हणाला, “जायचं का?” मी म्हणाले, “चला.” आम्ही बांधावर बसलो, कडब्याच्या पेंढीवर. ऊन अजून फार चटका देत नव्हतं. ज्वारीच्या धसकटांचा गोडसर वास होता आणि मध्येच डिझेलचा. भोंग्यावर नावं पुकारली जात होती. वालूरचं नाव आलं आणि ती आली.

निळीच होती. मारोतीने रंग बदलला नव्हता. पण माझं लक्ष तिकडे गेलंच नाही. डावीकडच्या सीटवर एक बाई बसली होती. पदर कमरेला खोचलेला, डोक्याला रुमाल बांधलेला, एका हाताने वरचा दांडा धरलेला. खाली माझी तपकिरी गादी. माझी शिवण.

“ती त्याची मंडळी, शोभा,” गौतम म्हणाला. “प्रत्येक स्पर्धेला बसती म्हणं.”

माझ्या कानशिलातून वाफा निघत होत्या. मला शोभाचं वय, तिची साडी, तिचा दांडा धरलेला हात, काहीच आवडलं नाही. ती हसत होती, तेही आवडलं नाही.

हत्तीण खड्ड्यातून गेली, टेकाडाला लागली, आणि उजवीकडे कलू लागली. मी ओळखीचं ते कलणं बघितलं. शोभाने दांडा घट्ट धरला आणि अख्खं अंग डावीकडे बाहेर झोकून दिलं, झोपाळ्यावर उभं राहून पोरी झोकतात तसं. गाडी सावरली. वर गेली, उतरली, झेंड्यांच्या मधून एकही न हलवता बाहेर पडली. भोंग्यावर पुकारा झाला, “मारोतराव आणि शोभाताई!”

मी गौतमकडे पाहिलं. त्याचा चेहरा मी ओळखला. ओठ आत ओढलेले, डोळे बारीक, गळ्याची शीर वर आलेली. माझा हा चेहरा मी कितीदा आरशात बघितला होता. परक्या माणसाच्या हातात ती बघून तो जळत होता. एका पेंढीवर बसून आम्ही दोघं एकाच गाडीवर जळत होतो. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं, पण मनात आलं ते असं, की माझ्यासाठी हा माणूस असा कधी जळला नाही. आणि मी पुन्हा पहिल्यापासून पेटले.

“सरळ चालायलीय,” तो हळूच म्हणाला. “काय भरलंय डावीकडं, कळंना.”

“काही भरलं न्हाई,” मी म्हणाले. “बाई हाय ती. हालती.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तिकडे, डावीकडच्या सीटकडे. वालूरहून मी तोंडात धरून आणलेलं ते वाक्य आता बोलायची गरज राहिली नाही, असं मला वाटलं.

स्पर्धा संपल्यावर मारोती स्वतः चालत आला. “गौतमराव, एक चक्कर मारा की. तुमचीच हाय.” शोभा दांड्याला धरून खाली उतरली. गौतम मागे वळून न बघता गेला, चढला, किल्ली फिरवली आणि निघालासुद्धा. मी तिथेच. शोभा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, घामाघूम.

“तुमी न्हाई बसल्या, वहिनी?” तिने विचारलं.

मला तिच्याशी बोलायचं नव्हतं. हत्तीण रानाच्या कडेने गेली, उजवीकडे झुकत झुकत, आणि वळून आमच्यासमोर येऊन थांबली. गौतम वाकला आणि डावीकडची गादी तळहाताने झटकली. वरून खाली, पुन्हा वरून खाली.

“बस,” तो म्हणाला. “हाललीस तरी चालंल.”

मी पदर खोचला आणि चढले. उंचावरून धसकटांचं रान दिसलं, कडब्याच्या गंजी दिसल्या, लांब शाळेचं छत दिसलं, सगळं मी त्या वेळी मनात पाहिलं होतं तसंच. शेजारी हा. फक्त गादी गरम होती. शोभाच्या अंगाची ऊब तिच्यात अजून तशीच होती, आणि माझी गादी तिच्या बसण्याने तिच्या मापाची झाली होती.

वळण आलं. गाडी उजवीकडे कलली. गौतमने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी मऊ आवाजात, ज्या आवाजात तो आजवर फक्त हत्तिणीशीच बोलला होता, म्हणाला, “झुक की जरा.”

मी हालले नाही.